दहा राग, तीन यंत्रे आणि अठ्ठावीस वर्षे

सन १९८२ मध्ये ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने, म्हणजे ज्या कंपनीला आपण 'एच.एम.व्ही.' या नावाने ओळखत आलो तिने, मुंबईच्या एका वादकाची तबकडी प्रकाशित केली. तिच्यावर दहा राग होते : भैरव, ललत, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. ही नावे वाचली की सतार, सरोद किंवा बासरी डोळ्यांपुढे येते. या तबकडीवर त्यांपैकी काहीही नव्हते. तबलाही नव्हता. सारे ध्वनी विजेच्या मंडलांतून निर्माण केलेले होते आणि ताल होता त्या काळी गाजत असलेल्या डिस्कोचा. तबकडीचे नाव होते 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' आणि वादकाचे नाव होते चरणजित सिंग.

तबकडी फारशी खपली नाही आणि लवकरच विस्मरणात गेली. अठ्ठावीस वर्षांनी, म्हणजे २०१० मध्ये, ती युरोपात पुन्हा प्रकाशित झाली. तेव्हा अनेक जाणकार श्रोत्यांनी एक विचित्र शंका घेतली. ही तबकडी खरोखर १९८२ ची आहे, की हल्लीच कोणीतरी तयार करून तिला जुनी तारीख चिकटवली आहे? शंकेला कारण होते. 'ॲसिड हाउस' या नावाने जगभर पसरलेल्या नृत्यसंगीताशी या तबकडीतील ध्वनीचे विलक्षण साम्य होते. आणि ते संगीत १९८७ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात जन्मले असे सर्वजण मानत होते.

या लेखात आम्ही दोन प्रश्नांचा विचार करणार आहोत. हा ध्वनी निर्माण कसा होतो, हा पहिला. आणि चरणजित सिंग यांना 'पहिला' म्हणता येईल का, हा दुसरा. पहिला प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे आणि दुसरा इतिहासाचा. दुसऱ्याचे उत्तर पहिल्यातून निघते, म्हणून दोन्ही एकत्र घ्यावे लागतात.

मुंबईचे वाद्यवृंद आणि विजेची वाद्ये

चरणजित सिंग यांचा जन्म १९४० चा. हिंदी चित्रपटसंगीताच्या मोठ्या वाद्यवृंदांतून ते गिटार आणि पट्ट्यांची इलेक्ट्रॉनिक वाद्ये वाजवत. पडद्यावर अशा वादकांचे नाव क्वचितच झळके. राहुल देव बर्मन यांच्या १९७१ सालच्या 'दम मारो दम' या गाण्यात ऐकू येणारे ट्रान्झिकॉर्ड हे वाद्य त्यांनी वाजवलेले आहे. हे वाद्य दिसायला अकॉर्डियनसारखे, पण भात्यातील हवेऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारे.

विजेवर चालणारी वाद्ये मुंबईला तोवर नवी राहिली नव्हती. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातील गारुड्याच्या पुंगीचा सूर सर्वांना ठाऊक आहे. तो पुंगीचा नव्हताच. पुढे संगीतकार म्हणून प्रसिद्ध झालेले कल्याणजी यांनी तो क्लाव्हायोलिन या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर काढला होता. पुढे सत्तरीच्या दशकात केर्सी लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी मूग सिंथेसायझर चित्रपटसंगीतात आणला. नव्या यंत्रांविषयी कुतूहल असलेल्या वादकांची ही परंपरा होती आणि चरणजित सिंग तिच्यातले होते.

त्याच सुमारास डिस्कोची लाट आली. १९८० चा 'कुर्बानी', १९८१ ची 'डिस्को दीवाने' ही नाझिया हसन यांच्या गाण्यांची तबकडी आणि १९८२ च्या अखेरीस 'डिस्को डान्सर' असा तो क्रम. सारे वातावरण डिस्कोमय झाले असताना आपण काही निराळे करावे, तबला बाजूला ठेवून डिस्कोच्या ठोक्यावर राग वाजवून पाहावेत, असे आपल्या मनात आले, असे चरणजित सिंग यांनी पुढे मुलाखतीत सांगितले. त्यासाठी लागणारी यंत्रे त्यांनी सिंगापूरहून आणली होती.

तीन यंत्रे

ही तिन्ही यंत्रे जपानच्या रोलँड कंपनीची होती. इकुतारो काकेहाशी यांनी ही कंपनी १९७२ मध्ये ओसाका येथे स्थापन केली.

पहिले यंत्र टी.आर.-८०८. हे १९८० मध्ये बाजारात आले. ते ढोल, झांज, टाळी यांसारखे ध्वनी विजेच्या मंडलांतून तयार करते. खऱ्या ढोलाचे ध्वनिमुद्रण त्यात साठवलेले नाही. प्रत्येक ठोका त्या क्षणी घडवला जातो. त्याच्या झांजेच्या खरखरीत आवाजासाठी कंपनीने मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर निवडून वापरले, असे काकेहाशी यांनी सांगितले आहे. अर्धवाहक तयार करण्याचे तंत्र सुधारले तसे असे 'बिघडलेले' ट्रान्झिस्टर मिळेनासे झाले आणि १९८३ मध्ये या यंत्राचे उत्पादनही थांबले.

दुसरे यंत्र टी.बी.-३०३. तादाओ किकुमोतो यांनी आखलेले हे लहानसे यंत्र १९८१ च्या अखेरीस आले. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला खर्जातील बेस गिटारची साथ मिळावी, एवढाच त्याचा हेतू होता. वादकाने सोळा घरांत स्वर भरून ठेवायचे. यंत्र ते क्रमाने पुन्हा पुन्हा वाजवत राहते. बेस गिटारसारखा आवाज मात्र त्यातून येत नसे. ते फारसे खपले नाही आणि १९८४ मध्ये कंपनीने ते बंद केले.

तिसरे यंत्र ज्युपिटर-८ हा पट्ट्यांचा मोठा सिंथेसायझर. हा १९८१ चा. त्यावर एका वेळी आठ स्वर वाजू शकत.

८०८ आणि ३०३ ही यंत्रे केबलने जोडली की दोघांचा ठोका एकच होतो. आमच्या वाचकांना एक हिशेब करून पाहता येईल. मिनिटाला १२० ठोके धरले तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. ३०३ एका ठोक्याचे चार भाग करते, म्हणजे एक घर ०.१२५ सेकंदाचे. सोळा घरांचे एक आवर्तन दोन सेकंदांत पुरे होते. पाच मिनिटांच्या रागात अशी दीडशे आवर्तने होतील, आणि एकाही आवर्तनात यंत्र थकणार नाही किंवा लय चढवणार नाही. या न थकणाऱ्या साथीवर वादकाने ज्युपिटर-८ वर राग वाजवायचा, अशी ही रचना होती. आपल्या मैफलीतला लहेरा आठवावा. तेथे लहेरा स्थिर राहतो आणि तबलावादक त्यावर आपले काम करतो. येथे स्थिर राहण्याचे काम यंत्राकडे आले.

विजेतून ध्वनी

विजेचा आवाज कसा असतो हे ऐकायला सिंथेसायझर लागत नाही. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या रोहित्राजवळ, अर्थात कुंपणाच्या बाहेर, उभे राहिले तर सतत गुणगुण ऐकू येते. आपल्याकडील प्रत्यावर्ती विद्युतधारेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. रोहित्राचा लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा किंचित ताणला जातो, म्हणून गुणगुण १०० हर्ट्झची येते. वीज जर एखाद्या वस्तूला कंप देत असेल, तर त्या कंपाची वारंवारता आपल्याला हवी तशी बदलता आली की वाद्य तयार झाले.

सिंथेसायझरमध्ये हे काम आंदोलक नावाचे मंडल करते. त्याला दिलेली व्होल्टता वाढवली की वारंवारता वाढते. अशा अनेक यंत्रांत एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर जातो, असे प्रमाण ठेवलेले असते. सप्तकात बारा स्वर. म्हणजे एका स्वरातून लगतच्या स्वरात जाण्यास सुमारे ०.०८३ व्होल्ट पुरतो. म्हणजे एखादी चाल ही आंदोलकाच्या दृष्टीने कमीजास्त होणाऱ्या व्होल्टतेची मालिका असते.

आंदोलकातून निघणारी लहर करवतीच्या दात्यांसारखी असू शकते. ५० हर्ट्झच्या अशा लहरीत ५०, १००, १५०, २०० अशा सर्व पटींच्या वारंवारता मिसळलेल्या असतात. ऐकायला ती कर्कश वाटते. मग ही लहर गाळणीतून नेतात. ठरावीक मर्यादेच्या वरच्या वारंवारता गाळणी दाबून टाकते आणि आवाज मऊ होतो. ती मर्यादा एका खुंटीने वरखाली करता येते. आणखी एका खुंटीने मर्यादेलगतच्या वारंवारता वाढवता येतात. झोपाळ्याला योग्य वेळी धक्के दिले की झोका मोठा होतो, तसा हा अनुनादाचा प्रकार आहे. दोन्ही खुंट्या फिरवल्या की स्वर तोच राहतो, पण त्याचा रंग पाणी ढवळल्यासारखा बदलत जातो. टी.बी.-३०३ चा जो खास आवाज पुढे जगप्रसिद्ध झाला, तो याच गाळणीचा.

वर्गात हे दाखवायला यंत्राची गरज नाही. विद्यार्थ्यांना एकच स्वर धरायला सांगावे आणि तो न सोडता तोंडाचा आकार 'ई'पासून 'ऊ'पर्यंत हळूहळू बदलायला सांगावा. कंठातील स्वरतंतू म्हणजे आंदोलक आणि मुखाची पोकळी म्हणजे गाळणी. स्वर बदलत नाही, गाळणी बदलते.

पालघर, डहाणू, विक्रमगड, जव्हार या भागांतील शिक्षकांजवळ याहून चांगले उदाहरण आहे, ते म्हणजे तारपा. वाळलेल्या दुधीच्या पोकळीत फुंकलेली हवा बांबूच्या नळ्यांतील पात्यांना कंप देते. हा झाला आंदोलक. नळ्यांवरील छिद्रे बोटांनी झाकून स्वर बदलतो, आणि टोकाला ताडाच्या पानांचा जो लांब कर्णा असतो तो काही वारंवारता उठावदार करून बाहेर सोडतो. वादक गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेतो, त्यामुळे सूर तुटत नाही आणि भोवती फेर धरलेल्यांचा नाच रात्रभर चालू राहू शकतो. अखंड सूर, पुन्हा पुन्हा येणारी लहान चाल, आणि तिच्यावर गोलाकार नाच. वारली तारप्याचे हे वर्णन डिस्कोच्या ठोक्यावरील नृत्यसंगीतालाही बरेचसे लागू पडते. फरक एवढाच की तारप्याच्या वादकाला दम टिकवावा लागतो.

पट्टीवरचा राग

यंत्रावर राग वाजवण्यात एक मोठी अडचण आहे आणि ती जुनी आहे. पट्ट्यांच्या वाद्यात सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. प्रत्येक स्वर मागच्या स्वराच्या सुमारे १.०५९५ पट असतो. षड्ज २४० हर्ट्झचा धरला तर तानपुऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ३०० हर्ट्झचा येतो. पट्टीवरचा गंधार मात्र ३०२.४ हर्ट्झचा असतो. दोन्ही एकदम वाजवले तर सेकंदाला दोनअडीच विस्पंद ऐकू येतात. यमन किंवा भूपालीसारख्या रागात हा फरक तयार कानाला खुपतो.

महाराष्ट्रात या प्रश्नावर खूप काथ्याकूट झालेला आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले आणि श्रुतींनुसार स्वर देणाऱ्या हार्मोनियमचा पाठपुरावा केला. आकाशवाणीने तर १९४० पासून सुमारे तीन दशके हार्मोनियमला बंदी केली होती. त्या आक्षेपांचा दुसरा भाग मींडेचा होता. हार्मोनियमवर एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाता येत नाही. मधली वाटच नाही.

सिंथेसायझरने पहिली अडचण आपोआप सोडवली नाही. त्याचे बारा स्वरही समान भागांचेच होते. दुसरी अडचण मात्र सुटली. व्होल्टता एकदम बदलण्याऐवजी ती धारित्राच्या साहाय्याने हळूहळू बदलू दिली की स्वरही हळूहळू सरकतो. शाळेत आपण धारित्र प्रभारित होतानाचा जो वक्र काढतो, तोच येथे मींडेचे रूप घेतो. ज्युपिटर-८ मध्ये आणि ३०३ मध्येही अशी सोय होती. या तबकडीवरील रागांत स्वर सरकत, वळत जातात ते या सोयीमुळे. यंत्राने पाश्चात्त्य पट्टी आणली खरी, पण पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागाही त्यानेच पुन्हा उघडल्या. राग वाजवू पाहणाऱ्या माणसाच्या हाती हे यंत्र येणे म्हणूनच महत्त्वाचे ठरले. नुसती बेसची साथ हवी असणाऱ्याला ३०३ मधील घसरणारे स्वर ही एक बारीक सोय होती. रागसंगीत जाणणाऱ्याला ती मुख्य गोष्ट वाटणे स्वाभाविक होते.

शिकागो, १९८७

इकडे ३०३ बंद पडले आणि अमेरिकेत ते जुन्या वस्तूंच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागले. शिकागोतील 'फ्यूचर' या तीन तरुणांच्या गटाने असे एक यंत्र मिळवले. यंत्र वाजत असताना त्यांनी गाळणीच्या खुंट्या फिरवून पाहिल्या, आणि जो ढवळल्यासारखा आवाज निघाला तो त्यांना आवडला. त्यांची 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी १९८७ मध्ये निघाली. तेथून हे संगीत इंग्लंडला गेले आणि पुढच्या काही वर्षांत युरोपभर पसरले. बंद पडलेल्या यंत्राची किंमत मग कितीतरी पटींनी वाढली.

मुंबईची तबकडी शिकागोपर्यंत पोहोचली होती, याला कोणताही पुरावा नाही. यंत्र मात्र दोन्हीकडे तेच होते. दोन्हीकडच्या वादकांनी त्याच्याकडून निर्मात्याच्या मनात नव्हते ते करून घेतले, म्हणून ध्वनी सारखा आला.

खरे की बनावट?

२००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीत ही तबकडी मिळाली. मुक्कामाच्या ठिकाणी जवळच्या लहान ग्रामोफोनवर त्यांनी ती ऐकली आणि ते चकित झाले. पुढे त्यांनी चरणजित सिंग यांचा शोध घेऊन मुंबईत त्यांची भेट घेतली आणि २०१० मध्ये आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या संस्थेतर्फे तबकडी पुन्हा काढली. बनावटीची शंका घेतली गेली ती याच वेळी.

शंका घेणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. काळाच्या आधी काही सापडले तर प्रथम पुरावा तपासावा, हीच शास्त्राची रीत आहे. येथे पुरावा कसा लावता येतो ते पाहण्यासारखे आहे. भूस्तराचे वय ठरवताना आपण त्यातील जीवाश्म पाहतो. एखादा प्राणी अमुक काळाआधी अस्तित्वातच नव्हता हे ठाऊक असेल, तर तो ज्या थरात सापडतो तो थर त्याआधीचा असू शकत नाही. त्याचप्रमाणे या तबकडीवर टी.बी.-३०३ चा आवाज ओळखता येतो, म्हणून ती १९८१ च्या अखेरीपूर्वीची असू शकत नाही. ही झाली अलीकडची सीमा. पलीकडची सीमा मूळ तबकडीने दिली : एच.एम.व्ही.च्या कारखान्यात छापलेली, लेबलावर सन असलेली, जुन्या मालात सापडलेली प्रत. शिवाय वादक स्वतः हयात होते. यंत्रे कोठून आणली आणि कल्पना कशी सुचली ते सांगत होते. वस्तू, छापील नोंद आणि साक्ष असे तीन स्वतंत्र पुरावे एकाच सनाकडे बोट दाखवत होते. शंका मावळली ती अशी.

चरणजित सिंग यांना मग उतारवयात युरोपातील रंगमंचांवर ही रचना वाजवण्याची निमंत्रणे आली. त्यांच्या निम्म्याहून कमी वयाचे श्रोते त्यांच्या मालकंसावर नाचले. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

'पहिला' म्हणजे काय?

वृत्तपत्रांनी त्यांना 'ॲसिड हाउसचा जनक' म्हटले. आपल्याकडे अशा मथळ्याचा आनंद लवकर होतो, आणि 'हे तर आमच्याकडे आधीच होते' हे वाक्य जिभेवर येते. आमच्या मते येथे थांबून विचार करणे बरे.

विज्ञानाच्या इतिहासात तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात : एखादी गोष्ट प्रथम करणे, ती प्रथम ज्ञात होणे आणि तिचा प्रभाव पडणे. ग्रेगोर मेंडेलचा वाटाण्यावरील निबंध १८६६ मध्ये छापला गेला. त्याचे महत्त्व ओळखले गेले ते १९०० मध्ये, तिघा शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे तेच निष्कर्ष काढले तेव्हा. मेंडेल पहिला होता हे खरे. आणि मधल्या चौतीस वर्षांत जीवशास्त्रावर त्याचा प्रभाव जवळजवळ पडला नाही, हेही तितकेच खरे. एकाने दुसरे खोटे ठरत नाही.

चरणजित सिंग यांचेही तसेच आहे. ३०३ आणि ८०८ एकत्र वापरून, सलग नृत्याच्या ठोक्यावर, सरकत्या स्वरांचे संगीत त्यांनी शिकागोच्या पाच वर्षे आधी ध्वनिमुद्रित केले. शिकागोचे संगीत मात्र त्यातून निघाले नाही. हेतूही निराळे होते. शिकागोच्या तरुणांना गाळणीचा बदलता रंग हाच विषय वाटला. चाल त्यांना नकोच होती. चरणजित सिंग यांच्या दृष्टीने विषय राग हा होता आणि यंत्र हे साथीदार. त्यांना जनक म्हणण्यापेक्षा एका नव्या वाद्याचा पहिला मर्मज्ञ वादक म्हणणे अधिक खरे ठरेल, आणि तो मान लहान नाही.

भारतातही ते एकटे किंवा सर्वात आधीचे नव्हते. ज्या लोहमार्गावर आमची पालघर आणि बोईसर ही स्थानके आहेत, त्याच्या दक्षिण टोकाला मुंबई आणि उत्तरेला अहमदाबाद. १९६९ च्या ऑक्टोबरात बोईसरजवळ तारापूरचे अणुविद्युत केंद्र व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. त्याच वर्षी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून दिला. त्यावर गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी १९७२ पर्यंत प्रयोग केले. त्या ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. ब्रिटिश कलावंत पॉल पुर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांतील निवडक भाग प्रकाशित झाला. मुंबईच्या दहा रागांना तेरा वर्षे थोरला भाऊ सापडला, तोही पन्नास वर्षांनंतर. यापुढे आणखी कोठल्या कपाटातून काय निघेल ते सांगता येत नाही. म्हणून 'पहिला' हा शब्द इतिहासात नेहमी पेन्सिलीने लिहावा.

जे छापले गेले नाही त्याचे काय?

या दोन्ही घटनांत एक साम्य आहे. ध्वनिमुद्रणे वाचली ती कोणी त्यांना महत्त्वाचे मानले म्हणून नव्हे. मुंबईची तबकडी अनेक प्रतींत छापली गेली होती, म्हणून एक प्रत दिल्लीच्या दुकानात शिल्लक राहिली. अहमदाबादच्या फिती एका संस्थेच्या संग्रहात होत्या, म्हणून सापडल्या. दोन्हीकडे तारखा आणि नावे लिहिलेली होती, म्हणून त्यांचा इतिहास लिहिता आला. प्रत, जागा आणि नोंद या तिन्हींपैकी एक जरी नसती, तर हा लेख लिहिता आला नसता.

आता आपल्या परिसराकडे पाहू. तारप्याच्या चाली आजही वाजतात. जव्हार तालुक्यातील भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारख्या वयोवृद्ध वादकांची दखल देशपातळीवर घेतली गेली आहे. परंतु प्रत्येक पाड्यावरचा वादक, त्याची चाल, त्याने स्वतः केलेल्या वाद्याचा विशिष्ट सूर यांची नोंद कोठे आहे? लग्नात किंवा दिवाळीच्या नाचात कोणीतरी मोबाइलवर ध्वनिमुद्रण करतो, ते चार जणांना पाठवले जाते आणि मोबाइल बदलला की नाहीसे होते. जे उरते त्यावर वादकाचे नाव नसते, गाव नसते, तारीख नसते. शंभर वर्षांनी कोणी ते ऐकले तरी त्यावरून काही सिद्ध करता येणार नाही.

हे काम शाळा करू शकतात. वादकाची परवानगी घेऊन विद्यार्थ्यांनी ध्वनिमुद्रण करावे. सुरुवातीलाच तारीख, गाव, वादकाचे नाव, चालीचे नाव, ती कोणत्या प्रसंगी वाजवतात आणि ध्वनिमुद्रण कोणत्या यंत्रावर केले हे मोठ्याने बोलून घ्यावे, म्हणजे नोंद आणि ध्वनी एकमेकांपासून सुटणार नाहीत. वाद्याची लांबी, नळ्यांची लांबी आणि छिद्रांमधील अंतरे पट्टीने मोजून वहीत लिहावीत. मोबाइलवर वारंवारता दाखवणारी साधने फुकट मिळतात. प्रत्येक स्वराची वारंवारता घेऊन षड्जाशी तिचे गुणोत्तर काढावे. ते पट्टीच्या बारा स्वरांशी जुळते की नाही, हा आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांसाठी खराखुरा संशोधनाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेले नाही. ध्वनिमुद्रणाच्या निदान दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. एक शाळेत आणि एक वादकाच्या घरी.

यांतील कोणते ध्वनिमुद्रण पुढे मोलाचे ठरेल हे आज कोणालाच कळणार नाही. १९८२ मध्ये एच.एम.व्ही.लाही ते कळले नव्हते.